कोडेक्समधला पहिला पॅच: विकिपीडियाच्या डिझाइन सिस्टमला कोड कसा द्यायचा

मराठी विकिपीडिया उघडा आणि वरच्या शोधपेटीत ‘कोल’ एवढंच टाइप करा. खाली लेखांच्या नावांची यादी उतरते. त्या नावांमध्ये तुम्ही टाइप केलेला भाग एका जाडीत दिसतो आणि उरलेला भाग दुसऱ्या. ही पेटी, ही यादी आणि जाडीतला हा फरक ‘कोडेक्स’मधून येतो. कोडेक्स ही विकिमीडियाची डिझाइन सिस्टम आहे. तिचा कोड सगळ्यांना खुला आहे, परवाना जीपीएल आहे, आणि त्यात दुरुस्ती, म्हणजे ‘पॅच’, पाठवायला कुणाची ओळख लागत नाही.

डिझाइन सिस्टम म्हणजे बटणं, मजकूरपेट्या, चेकबॉक्स, डायलॉग, आयकन आणि रंग-अंतरांची ठरलेली मापं यांचा एक साठा. पान बनवणाऱ्याने दरवेळी नवं बटण घडवायचं नाही, या साठ्यातलं उचलायचं. त्यामुळे इथली एका ओळीची दुरुस्ती तीनशेहून जास्त भाषांच्या विकिपीडियांवर पोचू शकते. चूकही तशीच पोचते. नव्या माणसाला इथे इतके नियम, टेस्ट आणि प्रश्नोत्तरं पार करावी लागतात ती याचसाठी.

हा लेख मी मराठीत लिहिते आहे याला भाषेच्या प्रेमाबरोबर एक व्यावहारिक कारणही आहे. कॉम्पोनंट (साठ्यातला बटणासारखा एकेक तयार भाग) तपासणारे बरेच लोक रोमन लिपीत वाचतात. रोमन अक्षराच्या डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकदम बसत नाहीत. ‘मूर्तींमध्ये’ हा शब्द बटणात टाकला आणि वरचा अनुस्वार कापला गेला, तर ते मराठी वाचणाऱ्यालाच खटकेल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तो वाचणाऱ्यांपैकी कोड लिहिणारे थोडे जरी इकडे वळले तरी अशा गोष्टी वेळीच पकडल्या जातील.

तयारी म्हणाल तर एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी यायला हवं, गिटमध्ये क्लोन आणि कमिट करता यायला हवं. कोडेक्स व्ह्यू ३ (पानाचे भाग बनवायची जावास्क्रिप्टची चौकट) आणि टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे, पण पहिल्या पॅचसाठी ते वाचून समजलं तरी भागतं. खाली कमांड आणि नावं मी उच्चाराने लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.

आधी वापरून बघा

कोड डाउनलोड करायची घाई नको. ‘डॉक डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग’वर कोडेक्सची कागदपत्रं आहेत. तिथे प्रत्येक कॉम्पोनंटचं स्वतंत्र पान आहे: तो कधी वापरायचा, कधी नाही, आणि खाली चालता नमुना. नमुन्यातला मजकूर बदलता येतो. ‘बटण’च्या पानावर जाऊन तिथलं इंग्रजी काढा आणि स्वतःचे शब्द टाका. माझी नेहमीची यादी अशी आहे: ‘मूर्तींमध्ये’ वरची बाजू बघायला, ‘कर्तृत्व’ आणि ‘हृद्रोग’ खालची बाजू बघायला, ‘दुसऱ्या’ अर्ध्या र साठी, आणि ‘सर्वसाधारणपणे’सारखा एक लांबलचक शब्द अरुंद जागेत काय होतं ते बघायला. मग ब्राउझरची खिडकी मोबाइलएवढी बारीक करा. मग फक्त कीबोर्डने, टॅब दाबत दाबत, सगळं चालतं का बघा.

अर्धा-पाऊण तास असा घालवला की दोन गोष्टी होतात. कॉम्पोनंटची नावं अंगवळणी पडतात, आणि बहुतेक वेळा विचारण्यासारखा एखादा प्रश्न सापडतो.

काम कुठे शोधायचं

विकिमीडियाची सगळी तिकिटं, म्हणजे कामांच्या आणि दोषांच्या नोंदी, फॅब्रिकेटर या साइटवर असतात. तिथे कोडेक्सचा स्वतःचा टॅग आहे, आणि नवख्यांसाठी वेगळी काढलेली कामं ‘गुड फर्स्ट टास्क’ या टॅगखाली मिळतात. दोन्ही टॅग एकत्र लावून शोधा. तिकीट उघडलं की वर्णनावर थांबू नका, खालची चर्चा शेवटपर्यंत वाचा. कितीतरी वेळा वर्णन जुनं असतं आणि खरा निर्णय बाराव्या प्रतिक्रियेत झालेला असतो. कुणी आधीच पॅच पाठवला असेल तर त्याचा दुवाही तिथेच दिसतो.

काम घ्यायचं ठरलं की दोन ओळी लिहा: मी हे करून बघतो आहे, अमुक प्रकारे करायचा विचार आहे. उत्तराची वाट बघत आठवडा काढायची गरज नसते, पण दिशाच चुकीची असेल तर कुणीतरी वेळेवर सांगतं.

तुम्हाला स्वतःलाच दोष सापडला असेल तर नवं तिकीट करा. त्यात काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, कोणता ब्राउझर आणि कोणतं उपकरण, एवढं हवंच. देवनागरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माझ्या अनुभवाने सांगते: स्क्रीनशॉटवर बाण काढा आणि इंग्रजीत एका वाक्यात समजावा की काय तुटलं आहे. आपल्याला कापलेली वेलांटी लगेच दिसते. लिपी न येणाऱ्याला ते अक्षर तसंच असतं असं वाटू शकतं.

नवा कॉम्पोनंट लिहायची इच्छा पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. तो कोडने सुरू होत नाही. त्याची गरज किती प्रकल्पांना आहे, तो कसा दिसावा, स्क्रीन रीडरवर (पान वाचून दाखवणाऱ्या साधनावर) काय ऐकू यावं, हे डिझाइनरांसोबत ठरतं आणि मग कोड येतो. लहान दुरुस्ती, सुटलेली टेस्ट, कागदपत्रातला अपुरा नमुना ही पहिली कामं योग्य. कागदपत्रं त्याच रेपोत (कोडच्या साठवणीत) असल्यामुळे त्यांचा पॅचही नेमक्या याच वाटेने जातो. सरावाला त्याहून बरं काही नाही.

खाती आणि मांडामांड

इथे खाती दोन लागतात आणि नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. विकिपीडियावरचं तुमचं नेहमीचं खातं फॅब्रिकेटरवर चालतं. कोड मात्र जेरिट या कोड तपासायच्या साइटवर जातो, आणि जेरिटला ‘विकिमीडिया डेव्हलपर अकाउंट’ हे वेगळं खातं लागतं. ते काढा, जेरिटमध्ये लॉग-इन करा आणि सेटिंग्जमध्ये तुमची एसएसएच की (पाठवणारे तुम्हीच हे ओळखायची कळ; तिचा सार्वजनिक भाग) टाका. गिटहबवर कोडेक्सची प्रत दिसते, पण ती नुसतं प्रतिबिंब आहे. पुल रिक्वेस्ट तिथे पाठवू नका.

मग जेरिटवरून ‘डिझाइन स्लॅश कोडेक्स’ ही रेपो क्लोन करा. क्लोनची कमांड रेपोच्या पानावरून कॉपी करताना ‘कमिट-मेसेज हुक’सह असलेली निवडा; हा हुक कशाला ते पुढे येईल. रेपोत नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची) आवृत्ती लिहिलेली फाइल आहे, त्यामुळे ‘एनव्हीएम यूज’ केलं की योग्य आवृत्ती लागते. नंतर सगळ्यात वरच्या फोल्डरमधूनच ‘एनपीएम इन्स्टॉल’. आतल्या एखाद्या पॅकेजमध्ये जाऊन ते चालवलं की गोंधळ होतो, कारण सगळी पॅकेजेस एका वर्कस्पेसमध्ये बांधलेली आहेत.

‘एनपीएम रन डेव्ह’ने सँडबॉक्स उघडतो. एका लांब पानावर सगळे कॉम्पोनंट मांडलेले असतात, आणि कोड सेव्ह केला की बदल लगेच दिसतो. ‘एनपीएम टेस्ट’ एकदा आत्ताच चालवा, काहीही बदलण्याआधी. आत्ता सगळं हिरवं, म्हणजे पास, असेल तर पुढे लाल दिसलं की ते आपल्यामुळेच आहे हे कळतं.

रेपोतली चार पॅकेजेस लक्षात ठेवा: कॉम्पोनंटचं, कागदपत्रांचं, आयकनचं आणि डिझाइन टोकनचं (रंग-अंतरांच्या मापांना दिलेल्या नावांचं). प्रत्येक कॉम्पोनंटचं आपलं फोल्डर असतं, आत व्ह्यू फाइल आणि टेस्ट.

एक कोड जवळून वाचू

पुन्हा ‘कोल’कडे येऊ. शोधयादीत नाव दाखवणारा जो छोटा कॉम्पोनंट आहे, तो एका मदतनीस फंक्शनला विचारतो: या नावात टाइप केलेला मजकूर कुठे आहे? फंक्शन नावाचे तीन तुकडे करून देतं: आधीचा, जुळलेला, नंतरचा.

इंग्रजीत हे सोपं आहे. मराठीत ‘कोल्हापूर’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो, को-ल्हा-पू-र. संगणकाकडे मात्र तो नऊ चिन्हांचा असतो: क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र. आता कुणी नुसतं ‘क’ टाइप केलं तर साधा कोड क वेगळा काढेल आणि मात्रा पुढच्या तुकड्यात ढकलेल. मात्रा एकटी उभी राहिली की ब्राउझर तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढतो.

म्हणून त्या फंक्शनमध्ये एक नियम आहे: टाइप केलेल्या मजकुरानंतर लगेच जी जोडचिन्हं येतील तीही जुळलेल्या तुकड्यात घ्या. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात) मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी ‘मार्क’ या वर्गात येतात. त्या वर्गाची मोठी यादीच रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात साचा शोधायच्या सूत्रात) लिहिलेली आहे. यामुळे ‘क’ टाइप केल्यावर ‘को’ पूर्ण उचललं जातं. कुणीतरी रोमनपलीकडच्या लिप्यांचा विचार करून हे लिहिलं आहे, आणि ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता नियम ‘कोल’ला लावून बघा. ल नंतर हलन्त आहे, तो मार्क आहे, तो उचलला गेला. त्यानंतर ह आहे. ते पूर्ण अक्षर आहे, मार्क नाही. म्हणजे सीमा ‘कोल्’ आणि ‘हापूर’ यांच्या मध्ये पडते, जोडाक्षराच्या ऐन पोटात. दोन तुकडे दोन जाडींचे, म्हणजे फॉन्टची दोन वेगळी रूपं, आणि ल्ह हे जोडाक्षर दोन रूपांमधून मिळून बनू शकत नाही. सँडबॉक्समध्ये हे स्वतः करून बघा. ‘रत्नागिरी’साठी ‘रत’ आणि ‘महाराष्ट्र’साठी ‘महाराष’ हेही बघा.

पहिली प्रतिक्रिया असते की नियम वाढवू: हलन्तानंतरचं व्यंजनही घ्या. थांबा. तमिळमध्ये हलन्ताचं काम करणारा ठिपका बहुतेक वेळा जोडाक्षर करतच नाही, तिथे व्यंजन ओढून घेणं चूक ठरेल. मग वाटतं, ब्राउझरच्या ‘इंटल सेगमेंटर’ला (मजकूर अक्षरांत तोडून देणाऱ्या सोयीला) विचारू, २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम आलाच आहे. पण विकिपीडिया जुन्या फोनवर, जुन्या ब्राउझरवरही चालावा लागतो, आणि तिथे एकतर सेगमेंटर नसतो किंवा जुन्या नियमाने चालतो. म्हणजे दुरुस्ती चार ओळींची दिसत असली तरी निर्णय तुमच्या एकट्याचा नाही. अशा वेळी पर्याय तिकिटावर मांडायचे, प्रत्येकाचा तोटा लिहायचा आणि विचारायचं. डिझाइन सिस्टममध्ये काम करणं म्हणजे निम्मा वेळ हेच असतं.

आणि काहीही ठरो, आधी टेस्ट लिहा. त्या फंक्शनच्या टेस्ट फाइलमध्ये उदाहरणांची यादी असते: हे नाव, हा मजकूर, असे तुकडे अपेक्षित. त्यात ‘कोल्हापूर’ची एक ओळ घाला, ती लाल झालेली बघा, मग कोडला हात लावा. पुढे कुणी हा भाग बदलला तरी ती ओळ मराठीची बाजू सांभाळेल.

लिहिताना पाळायच्या गोष्टी

रंग आणि अंतरं कधीही आकड्यात लिहू नका. पिक्सेलचा आकडा किंवा रंगाचा कोड दिसला की रिव्ह्यूत (इतरांच्या तपासणीत) तो परत येणारच. त्याऐवजी टोकन वापरायचं: ‘स्पेसिंग १००’ म्हणजे १६ पिक्सेल, ‘स्पेसिंग ५०’ म्हणजे ८, दुवे आणि मुख्य बटणांच्या निळ्याला ‘कलर प्रोग्रेसिव्ह’. डार्क मोडमध्ये टोकनची किंमत बदलते. तुम्ही रंग थेट लिहिला असेल तर रात्री वाचणाऱ्याला काळ्यावर काळं दिसेल.

दिशेचं भान ठेवा. उर्दू, अरबी, हिब्रू विकिपीडियांवर हेच कॉम्पोनंट उजवीकडून डावीकडे उभे राहतात. कोडेक्समध्ये स्टाइल डावीकडून उजवीकडे लिहिली जाते आणि बिल्ड होताना आपोआप उलटी केली जाते, पण सँडबॉक्समध्ये दिशा बदलून एकदा डोळ्यांनी तपासा. बाणांचे आयकन इथेच फसतात.

क्लासची नावं ‘सीडीएक्स’ने सुरू होतात. काही कॉम्पोनंटना नुसत्या सीएसएसची आवृत्तीही आहे, जावास्क्रिप्ट बंद असलेल्या वाचकासाठी. व्ह्यूची बाजू बदललीत तर तीही बघा. मांडणी टॅबने करायची, स्पेसने नाही, आणि कंसाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक जागा सोडायची. ही विकिमीडियाची जुनी पद्धत आहे. तपासणारं साधन बरंचसं स्वतःच दुरुस्त करून देतं.

स्नॅपशॉट टेस्ट (आत्ताचं एचटीएमएल साठवलेल्या प्रतीशी ताडणारी) फुटली तर ‘अपडेट’ मारून पुढे जायचा मोह होतो. आधी फरक वाचा. जो एचटीएमएल बदलला तो तुम्हाला बदलायचाच होता का? हो असेल तरच अपडेट करा.

दृश्य मजकुराची बाब वेगळी आहे. कोडेक्समधल्या संदेशांचं मराठी भाषांतर पॅचने पाठवू नका, ते ट्रान्सलेटविकीवर होतं. नवा संदेश घालणारा फक्त इंग्रजी फाइल आणि ‘क्यूक्यूक्यू’ नावाची फाइल भरतो. दुसरीत भाषांतरकारांसाठी खुलासा असतो. तो नीट लिहा: ‘क्लोज’ म्हणजे खिडकी बंद करा की जवळचं, हे समोरच्याला कळायला दुसरी जागा नसते.

कमिट आणि पाठवणी

जेरिटची रीत गिटहबपेक्षा वेगळी आहे: एक बदल म्हणजे एक कमिट. कमिटच्या पहिल्या ओळीत कॉम्पोनंटचं नाव, अपूर्णविराम, आणि काय केलं ते थोडक्यात, आज्ञार्थी इंग्रजीत. मग एक ओळ रिकामी, मग ‘का’ केलं ते. काय केलं ते कोडमध्ये दिसतंच, का केलं हे फक्त इथेच राहतं. अगदी शेवटी ‘बग’ असा शब्द, अपूर्णविराम आणि तिकिटाचा क्रमांक. त्याला चिकटून, मध्ये रिकामी ओळ न सोडता, ‘चेंज-आयडी’ची ओळ येते. ती हुक आपोआप घालतो, म्हणून क्लोन करताना तो घ्यायला सांगितलं.

‘गिट रिव्ह्यू’ हे साधन बसवलेलं असेल तर ‘गिट रिव्ह्यू’ एवढीच कमांड पुरते. पॅच जेरिटवर जातो, आणि क्रमांक बरोबर असेल तर तिकिटावरही त्याची नोंद आपोआप उमटते.

दुरुस्ती सांगितली गेली की नवं कमिट करायचं नाही. तेच कमिट ‘अमेंड’ करायचं आणि पुन्हा पाठवायचं. चेंज-आयडी तीच राहिली की जेरिट त्याला त्याच बदलाचा पुढचा ‘पॅचसेट’ समजतो. ती ओळ पुसली गेली तर नवाच बदल उघडतो आणि आधीची चर्चा मागे राहते.

रिव्ह्यू

आधी यंत्र तपासतं. जेन्किन्स टेस्ट आणि लिंट (कोडच्या लिखाणाची तपासणी) चालवून आपलं मत देतो. मग माणसं. उणे एक म्हणजे ‘आणखी काम हवं’, अधिक एक म्हणजे ‘मला ठीक वाटतं’, आणि अधिक दोन देण्याचा हक्क असलेल्याने तो दिला की पॅच मर्ज होतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळतो. उणे एक मनाला लावून घेऊ नका. अनेक वर्षं काम करणाऱ्यांच्या पॅचलाही तो मिळतो.

प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या, निदान ‘केलं’ एवढं तरी. पटलं नाही तर तसं लिहा आणि कारण द्या. लिपीच्या बाबतीत तर ठामपणे लिहा, कारण तिथे जाणकार तुम्ही आहात. रिव्ह्यू करणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसेल, तर आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवल्याने जे काम होतं ते तीन परिच्छेदांनी होत नाही. दोन आठवडे कुणीच काही बोललं नाही तर तिकिटावर एक सभ्य आठवण टाका. त्यात संकोच नको.

मर्ज झाल्यावर

मर्ज झालं म्हणून वाचकाला लगेच दिसत नाही. कोडेक्सची नवी आवृत्ती साधारण दोन आठवड्यांनी निघते. ती मीडियाविकीत (विकिपीडिया चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घेतली जाते, आणि मीडियाविकीचा आठवड्याचा बदल टप्प्याटप्प्याने सोडला जातो: मंगळवारी चाचणीची विकी, बुधवारी विकिपीडिया सोडून इतर बहुतेक प्रकल्प आणि काही मोजके विकिपीडिया, गुरुवारी उरलेले बहुतेक विकिपीडिया. मराठी विकिपीडिया गुरुवारच्या गाडीत असतो. कोडेक्सच्या बदलनोंदीत तुमच्या पॅचची ओळ कोणत्या आवृत्तीत आली ते बघून ठेवा. त्या गुरुवारनंतर मराठी विकिपीडियावर, शक्यतो एखाद्या जुन्या फोनवरही, तोच शब्द पुन्हा टाइप करा आणि त्याचा स्क्रीनशॉट तिकिटावर टाका.